मंजुळाचं मीठ

धाकूकाकांची आणि माझी ओळख भांडणातून झाली. माझ्या बहुतेक ओळखी तशाच होतात.

कोलशेतला देवळासमोर आम्ही खाडीच्या पाण्यावर सभा लावली होती. मी कोपरीच्या चाळीत वाढलेली, दहावीला गणितात गचकलेली. पण भाचीची आठवी-नववीची विज्ञानाची पुस्तकं मी पाठ केली होती आणि पाण्याचं मीटर स्वतः वापरायला शिकले होते. एका हातात माईक, दुसऱ्या हातात खाडीच्या पाण्याची बाटली, आणि माझा आवाज चढलेला. "या पाण्यात लिटरमागे अठ्ठावीस ग्रॅम क्षार आहेत," मी म्हणाले. पुढे बसलेला एक बनियनवरचा म्हातारा उठला. विचारलं नाही, पुसलं नाही, बाटलीत करंगळी बुडवली आणि चाटली.

"वीस पन नाय," म्हातारा म्हणाला. "ओहोटीचा पानी हाय. मीटर बदल, गो बाय."

सभा हसली. मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या मीटरने मोजलं तर एकोणीस भरलं. माझ्या मीटरचा सेल उतरलेला होता. तेव्हा मी कोलशेतला परत गेले. माफी मागायला नाही, माफी मला जमत नाही. जिभेने मोजायचं कसं, हे विचारायला गेले.

"जिभेन काय मोजाचा?" काका म्हणाले. "पन्नास वर्सा मिठागरान उभा होतो. पानी मना नाव घेऊन सांगतं."

तिथपासून नऊ वर्षं मी त्या घरी जात राहिले.

धाकूकाका खाडीकाठचे. बाप मिठागरात, आजा मिठागरात. शाळेत दोन वर्षं गेले, तिसऱ्या वर्षी भरतीच्या पाण्याचा बांध राखायला बसवलं. पुढे मिठागर बंद झालं तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. बंद झालं म्हणजे एक दिवस मालकाचा माणूस आला आणि म्हणाला, आठ दिवसांत आवरा. ज्या वाफ्यांमध्ये काकांनी पाणी तापवलं, तिथे आता सोसायटीची भिंत आहे, भिंतीवर बोगनवेल आहे, आणि आत पोहायचा तलाव आहे. "गोडा पानी," काका म्हणायचे आणि थुंकायचे.

पुस्तकात मी वाचलं होतं: पाणी द्रावक, मीठ द्राव्य, दोन्ही मिळून द्रावण. काकांकडे यातला एकही शब्द नव्हता. त्यांच्याकडे पाण्याचा स्वभाव होता. खाडीचं पाणी पहिल्या वाफ्यात घ्यायचं, गाळ बसू द्यायचा. तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात. ऊन पाणी पीत जातं, पाणी जड होत जातं. आधी चुन्यासारखं पांढरं बसतं, ते तिथेच सोडायचं. मग चिरोडी, म्हणजे जिप्सम बसतं, तेही सोडायचं. मग शेवटच्या वाफ्यात मीठ. आणि मीठ पडून गेल्यावर जे उरतं ते कडू पाणी. ते वेळेवर काढून टाकायचं, नाहीतर मीठ कडू होतं आणि पावसाळ्यात पाझरतं.

"पानी सगला एकदम देत नाय," काका म्हणायचे. "एकेक देतं. जे धरवत नाय ता आधी सोडतं."

मला हे नववीच्या पुस्तकात सापडलं नव्हतं. नंतर कुठेतरी वाचलं की प्रत्येक क्षाराची विद्राव्यता वेगळी, कमी विरघळणारा आधी खाली बसतो. मी काकांना हे मोठ्या ऐटीत सांगितलं. "मग तेच तर बोललो," ते म्हणाले.

मंजुळामावशी, त्यांची बायको, चार वर्षांपूर्वी गेल्या. मी त्यांना पाच वर्षं पाहिलं. बोलणं कमी, पण बोलल्या की टाचणी. पहिल्यांदा घरी गेले तेव्हा माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाल्या, "हीच का ती मीटरवाली? बरी हाय. आवाज मिठागरापलीकडं जाईल." मिठागरात त्यांचं काम मीठ ओढून ढीग लावायचं आणि पाट्या वाहायचं. तळहात सालपटलेले, म्हातारपणीही तसेच. त्यांची एक रीत होती. मीठ चांगलं पिकलं का हे त्या चाखून बघत नसत. दोन बोटांत दाणा धरून कानाशी न्यायच्या आणि चुरडायच्या. कोरडा, पक्का दाणा कटकन वाजतो. कडू पाणी धरलेला दाणा गप्प बसतो. काका सांगत, लग्नाआधी त्यांनी मंजुळाला पहिल्यांदा पाहिलं ते असंच: भर दुपारी, वाफ्याच्या बांधावर, कानाशी बोटं लावून उभी. "मना वाटला, ही कुनाशी बोलते?"

त्या घराण्यात एक पद्धत होती. त्यांच्याच घरात, सगळ्या गावात नाही. लेक सासरी जाताना स्वतःच्या वाफ्याचं मीठ घेऊन जायची. ते नव्या घरातल्या मिठाच्या बरणीच्या तळाला घालायचं. वर दुकानाचं मीठ भरत राहायचं, पण तळ कधी रिता करायचा नाही. मंजुळामावशींनी आणलेलं मीठ काकांच्या घरातल्या बरणीच्या तळाशी तसंच गेलं होतं. काकांच्या बहिणी त्यांच्या वाफ्याचं घेऊन गेल्या. आता नातीची पाळी होती, आणि वाफा राहिला नव्हता.

राहिली होती एक चिनी मातीची बरणी. शेवटच्या आठ दिवसांत, मालकाचा माणूस बांधावर उभा असताना, मंजुळामावशींनी शेवटच्या वाफ्यातलं मीठ ओढलं होतं. कडू पाणी काढायला वेळ मिळाला नाही. त्यातलं दोनेक किलो त्यांनी बरणीत भरलं, तोंडाला आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला आणि म्हणाल्या, "दक्षताचं." नात दक्षता तेव्हा पाच वर्षांची होती. ते मीठ दर पावसाळ्यात पाझरायचं. बरणीच्या बुडाशी ओल यायची. मंजुळामावशी म्हणायच्या, रडतंय. कार्तिकात गच्चीवर उन्हात ठेवायच्या, की परत कोरडं. त्या गेल्यावर हे काम काका करायला लागले.

गेल्या वर्षी दक्षताचं लग्न ठरलं. ती बँकेत आहे, चुणचुणीत, आजीची जीभ तिच्याकडे आलेली. नवरा केदार, कल्याणचा, घाऊक बाजारात घरचं मसाल्याचं दुकान. लग्न बारा मेला. काकांनी बरणी खाली काढली.

"आजा, त्यांच्या दुकानात मिठाच्या गोण्या हायेत," दक्षता म्हणाली.

"गोनी हाय. तळ नाय," काका म्हणाले.

बरणीतलं मीठ काळवंडलं होतं. खाडीचा गाळ तर पहिल्यापासून होताच, वर स्वयंपाकघरातली वीस वर्षांची धूळ आणि तेलकटपणा. नव्या घरी असं कसं न्यायचं? काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी वाकायला बंदी घातलेली. सुदेश, त्यांचा मुलगा, लग्नाच्या धावपळीत. मग काकांनी मला फोन केला.

"मीठ धुवाचा हाय. तू करशील?"

"करते की."

"मिठाच्या पान्यान धुवाचा, आयकलास? साध्या पान्यान नाय. पानी आधी पोट भरून मीठ खाल्लेला पायजे. मग ता आपला मीठ खात नाय. मल तेवढा निघतो."

मला ते समजलं होतं. संपृक्त द्रावण. जितकं मीठ मावेल तितकं मावलेलं पाणी. त्यात आणखी मीठ विरघळत नाही, फक्त घाण सुटते. हे मला माहीत होतं आणि तरीही मी बरणी मांडीवर घेऊन कोपरीला येताना दुसराच विचार केला. धुऊन वरचा मळ जाईल, दाण्याच्या आतला गाळ कसा जाणार? पुस्तकात तर सरळ दिलंय: अशुद्ध मीठ पाण्यात पूर्ण विरघळवा, गाळा, पाणी आटवा, शुद्ध स्फटिक मिळवा. आकृतीसकट. मला वाटलं, म्हाताऱ्याला दाखवू या. सभेतली करंगळी माझ्या डोक्यातून गेलेली नव्हती, खोटं कशाला बोलू?

सात लिटर पाण्यात मी ते सगळं मीठ ओतलं. ढवळलं. पातळ कापडाच्या चार घड्यांतून गाळलं. कापडावर काळा चिखल राहिला आणि खाली असं नितळ पाणी आलं की मी स्वतःवर खूश झाले. पाण्याचा रुंद तोंडाचा कॅन, रिकामी धुतलेली बरणी आणि लुगड्याचा तो तुकडा घेऊन दुसऱ्या दिवशी कोलशेतला गेले.

काका ओट्यावर बसले होते, डोळ्याला काळा चष्मा. मी कॅन पुढे ठेवला. झाकण काढलं.

"बघा काका. एक कण गाळ नाही."

काकांनी कॅनमध्ये हात घातला. आधी मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. तळ चाचपला. कोपरे चाचपले.

"दाना कुठं हाय?"

"यातच आहे. सगळं यात आहे. एक ग्रॅमसुद्धा गेलं नाही."

"दाना कुठं हाय, दीप्ती?"

नऊ वर्षांत त्यांनी मला नावाने क्वचितच हाक मारली होती. मी बडबडत राहिले: विरघळलं म्हणजे गेलं नाही, फक्त दिसत नाही, पाणी आटलं की परत येतं. काकांनी हात बाहेर काढला आणि तसाच ओला धरून ठेवला. पुसला नाही. पाणी कोपरावरून ओट्यावर टपकत होतं.

"ता मंजुलान ओढलेला दाना व्हता," ते म्हणाले. "तिच्या फावड्याचा."

आतून दक्षता आली. काय झालं ते तिला एका नजरेत कळलं. "दीप्तीमावशी," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या आजीला विरघळवलंत?" ती हसत होती की काय, मला बघवेना.

मी कॅन उचलून सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. दक्षताच्या आईला म्हटलं, मोठं पातेलं द्या. लिटरभर पाणी गॅसवर ठेवलं आणि आटवलं. बुडाशी पांढरंशुभ्र मीठ जमलं. वाटीत काढून काकांपुढे नेलं. "हे घ्या. आलं ना परत?"

काकांनी चिमूट घेतली, कानाशी नेली, चुरडली. काही वाजलं नाही.

"पीठ हाय," ते म्हणाले. "आगीचा मीठ मुका." आणि उठून आत गेले.

बरोबरच होतं. घाईत आटवलं की कणाला वाढायला वेळच मिळत नाही. एकाच वेळी हजार ठिकाणी बारीक भुगा पडतो. दाणा मोठा व्हायचा तर पाण्याने हळूहळू जायला हवं. एवढी साधी गोष्ट. लग्नाला तेरा दिवस होते.

दोन दिवस मी गेले नाही. तिसऱ्या दिवशी दक्षताचा फोन आला. "आजा बोलवतोय. गुपचूप या, भाषण नको."

काका ओट्यावरच होते. मांडीवर लुगड्याचा तुकडा, बरणीच्या तोंडाला बांधलेला तोच. मी तो धुतला नव्हता, नशीब. काका त्याच्या गाठीवरून बोटं फिरवत बसले होते, म्हणे दोन दिवस हेच चाललं होतं. त्यांनी माझा हात धरून गाठीवर ठेवला. आत काहीतरी कडक, तुरीच्या डाळीएवढं.

"एक ऱ्हायला," ते म्हणाले.

त्यांनी गाठ सोडली नाही, दाताने धागा कुरतडला. आतून दाणा निघाला. मळकट, एका बाजूने चौकोनी, दुसऱ्या बाजूला फुटलेला. त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला नाही. दक्षताच्या ठेवला.

"आता ह्याचा बी टाकाचा," काका म्हणाले. "पन पान्याचा पोट भरल्याशिवाय नाय. भुकेल्या पान्यात टाकला की ह्यालाही खाईल."

गच्चीवर आम्ही विटा मांडल्या, त्यावर काळं प्लास्टिक अंथरलं आणि गुडघाभर नाही, चार बोटं खोल असा उथळ वाफा केला. दोन ताटं शेजारी मावतील एवढा. कॅनमधलं उरलेलं पाणी त्यात ओतलं. काकांना वाकायला बंदी, म्हणून ते खुर्चीवर बसून हुकूम सोडत. "कोपऱ्यान सुरकुती हाय." "आता वारा खालून हाय, विटा तिकडं सरकव." "मीटरवाली, सावली पाडू नको, तुझा काय सोन्याचा अंग नाय." मी सगळं ऐकून घेतलं. सुदेश दुपारी वर डोकावला. "बाबा, गच्चीत मांडव घालायचाय," तो म्हणाला. "मांडव खाली घाल," काका म्हणाले. "हितं माझा आगर हाय." वीस वर्षांनी त्यांच्या तोंडून 'माझा आगर' ऐकून सुदेश जिन्यातच थांबला. मग गुपचूप खाली गेला, आणि मांडव गल्लीत गेला.

ऊन पाणी पीत होतं. दुसऱ्या दिवशी काठाला पांढरी रेघ आली. मी तरंगणारी काचेची नळी आणली होती, पाण्याचा जडपणा मोजायची. दक्षताच्या आईने अंडं आणलं. तिच्या सासूकडून ऐकलं होतं, अंडं तरंगलं की पाणी तयार. अंडं सोडलं. तरंगलं.

"झालं!" मी म्हणाले. "टाका दाणा."

"अंडा लबाड हाय," काका म्हणाले. "अर्ध्या मिठावर पन तरंगतं. डोका किती वर काढतं ता बघाचा."

"मग नळी बघा ना. आकडा जवळ आलाय."

"जवल म्हंजे आला काय? ठाणं जवल आलं म्हून मुलुंडला उतरतेस?"

काकांनी मग माझं ते गॅसवरचं पीठ मागवलं. मला वाटलं, आता परत टोमणा. त्यांनी वाफ्यातलं पाणी एका वाटीत घेतलं, पिठाची चिमूट त्यात सोडली आणि दक्षताला विचारलं, "दिसतं?" तिने वाकून पाहिलं. चिमूट पाण्यात धूसर झाली, मग नाही. "गेलं, आजा."

"भूक हाय अजून."

दर तासाला चिमूट. माझ्या चुकीचं मीठ असं कामाला आलं; पाण्याची भूक किती उरली हे सांगायला त्याच्याइतकं सोपं काही नव्हतं. दुपारी एक चिमूट गेली. तीनला गेली. चारला निम्मी गेली. दाणा दक्षताच्या मुठीत, घामाने ओला होऊ नये म्हणून काका तिला सारखे म्हणत, उजव्या हातातून डाव्या हातात घे. तिने शेवटी तो टिकलीच्या डबीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला वाटीत चिमूट सोडली. ती खाली बसली आणि बसूनच राहिली. आम्ही तिघं वाटीभोवती डोकी लावून होतो. पाच मिनिटं गेली. दहा गेली. तळाशी पांढरा ठिपका तसाच.

"भरला पोट," काका म्हणाले.

दक्षताने दाणा धाग्याला बांधला, धागा काडीला, काडी वाफ्याच्या दोन विटांवर आडवी. दाणा पाण्यात उतरला. मी मनात आकडे मोजत होते; दाणा अंधुक व्हायला लागला तर किती सेकंदात ओढून काढायचा, याचा विचार करत होते. तो अंधुक झाला नाही.

संध्याकाळी त्याच्या फुटलेल्या बाजूला नवी, काचेसारखी कड आली होती. दुसऱ्या दिवशी तळाशी सगळीकडे बारीक चौकोन उगवले. पृष्ठभागावर पातळ पापुद्रे तरंगायचे, काका काठीने हलकेच हलवून ते बुडवायचे. दाणे रोज मोठे.

आता एक गोष्ट मला पुस्तकातून माहीत होती आणि ती मी सांगू नये असं मला वाटत होतं. पण न सांगणं मला जमत नाही. भरलेल्या पाण्यातही दाणा स्वस्थ नसतो. त्यातलं थोडं सतत पाण्यात जातं आणि तेवढंच पाण्यातून परत त्याच्यावर बसतं. बाहेरून तो जसाच्या तसा दिसतो, पण आतबाहेर चालूच असतं. म्हणजे धाग्यावर लटकलेल्या त्या दाण्यात मंजुळामावशींनी ओढलेला भाग किती उरला असेल आणि त्यांचा किती भाग वाफाभर पसरला असेल, हे कोणी सांगू शकत नाही.

मी हे काकांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे सगल्यात गेली?"

"हो."

"मग बरा," ते म्हणाले. "नाहीतरी ती एका जागी कधी बसायची?"

लग्नाच्या तीन दिवस आधी वाफ्यात नखभरच पाणी राहिलं, पिवळसर, तेलासारखं जड. मला ते पूर्ण आटवायचं होतं. जितकं मीठ गेलं असं मला वाटत होतं, तितकं पुन्हा भरून द्यायचं होतं, शेवटच्या थेंबापर्यंत. काकांनी काठी आडवी धरली.

"बस. हा कडू पानी. ह्याचा लोभ केला की सगला मीठ बिघडला."

"पण यात अजून थोडं मीठ आहे."

"हाय ना. सोडायचा." मग जरा थांबून म्हणाले, "तवा तिला सोडाया भेटला नाय. मानूस बांधावर उभा व्हता. म्हून तर ता मीठ दर वर्साला रडाचा."

आम्ही प्लास्टिकचा एक कोपरा उचलला. पाणी दुसऱ्या टोकाला जमा झालं, मीठ इकडे राहिलं. दक्षताने फावडं नव्हतं म्हणून तळण काढायच्या झाऱ्याने मीठ ओढून ढीग लावला. ती बँकेतली मुलगी, पण ओढताना तिने कंबर अशी काही वळवली की काकांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले आणि डॉक्टरांना शिव्या दिल्या, म्हणाले ड्रॉप झोंबतात.

दोन दिवस मीठ सुकलं. दीड किलोला थोडं कमी भरलं. पांढरं, पण दुकानासारखं नाही. थोडी राखेची झाक, आणि दाणे चौकोनी, मोठे. धाग्यावरचा दाणा हरभऱ्याएवढा झाला होता. काकांनी ढिगातला एक घेतला, कानाशी नेला, चुरडला.

मला गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आवाज आला.

काकांनी बोटं कानाशी तशीच ठेवली. दक्षता जवळ गेली, दुसरा दाणा त्यांच्या दुसऱ्या कानाशी चुरडला आणि म्हणाली, "आजा, ऐकतोस ना?" तेव्हा ते म्हणाले, "हां. ऐकतो."

बारा मेला मीठ स्टीलच्या डब्यात भरून, वर धाग्यासकट तो दाणा ठेवून, लुगड्याच्या त्याच तुकड्यात डबा बांधून दक्षता कल्याणला गेली. केदारच्या आईने तिकडे डबा उघडून विचारलं म्हणे, हे कुठल्या ब्रँडचं? दक्षता म्हणाली, आजीचं. आणि बरणीच्या तळाला घातलं, वर त्यांच्या दुकानाचं.

कडू पाण्याचं विसरले सांगायला. लग्नाआधी गच्ची झाडताना मी ते मोरीत ओतायला निघाले होते. कपभर होतं फारतर. काकांनी हात पुढे केला. "ता मना दे," म्हणाले. मी विचारलं, काय करणार याचं? त्यांनी लोणच्याची एक रुंद तोंडाची काचेची बाटली धुऊन त्यात ओतलं आणि आपल्या खाटेशेजारच्या खिडकीत ठेवलं. पाण्याची पातळी जिथे होती तिथे काचेवर दक्षताच्या आयब्रो पेन्सिलने रेघ ओढली.

"झाकण लावा," मी म्हणाले. "सुकेल."

"ता सुकत नाय," काका म्हणाले.

श्रावणात मी कोलशेतला गेले. हवा अशी दमट की पापड हातात वाकत होता. दक्षताशिवाय घर ऐकू येत नव्हतं. काका खाटेवर पडले होते. मला बघून उठले नाहीत, फक्त खिडकीकडे बोट केलं. बाटलीला झाकण नव्हतं, कोणी त्यात थेंब घातला नव्हता. कडू पाणी हवेतली ओल ओढून घेतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं; मावशींचं मीठ रडायचं ते यामुळेच. पाणी पेन्सिलच्या रेघेच्या करंगळीभर वर आलं होतं.

"बघ," काका म्हणाले. "आली."